नानांच्या ओसरीवर न गेलेला संगणक

मित्रांनो, आधी एक गोष्ट ठरवून टाकू. मी जुना आहे, हे मला मान्य आहे. माझा डबा पिवळट पडलाय, पुढची एक कळ आत गेली ती पुन्हा बाहेर आलीच नाही, आणि सुरू होताना मी जी घरघर लावतो तिने शेजारची शेळी अजून दचकते. पण मला कोणी भंगार म्हटलं तर मी ऐकून घेत नाही. ज्याला कोणी काही विचारत नाही ते भंगार. मला या श्रावणात अख्ख्या गावाने प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं. ते कसं, हेच सांगायला बसलोय.

माझा जन्म नेमका कुठला म्हणाल, तर सांगता येणार नाही. माझा मेंदू एका देशात घडला, पंखा दुसऱ्या देशात, डबा आणखी कुठे. पण या सगळ्यांना स्क्रूने एकत्र आवळलं ते धुळ्यातल्या एका दुकानात, म्हणून मी स्वतःला धुळ्याचाच समजतो.

तिथून मी दोंडाईच्याला गेलो. स्टेशनकडच्या रस्त्यावर नईमभाईंचं छोटं दुकान होतं. कोणाचा फॉर्म भर, कोणाचा फोटो छाप, कोणाचा निकाल काढ, असं माझं काम. निकालाच्या दिवशी तर माझ्यापुढे ही गर्दी! पास झालेलं पोर माझ्या पडद्याला हात लावून नमस्कार करायचं आणि नापास झालेलं माझ्याकडे असं बघायचं, जणू मीच नापास केलं. कौतुकाचे ते दिवस होते.

मग सगळीकडे एक वारं आलं. संगणकाने अवघड गणितं सोडवली की हवेतल्या हवेत नाणी मिळतात, असं नईमभाईंनी ऐकलं. कूटचलन म्हणायचे त्याला. झालं, मला त्या कामाला जुंपलं. मी दिवसभर गणितं करतोय, पंखा भिरभिर फिरतोय, आणि माझं अंग तव्यासारखं तापतंय. नईमभाईंच्या आई, जमीलाआपा, मोठ्या हुशार. त्या माझ्या टपावर दुधाचं पातेलं आणून ठेवायच्या. "विरजण काय लागतं रे याच्यावर!" म्हणायच्या. एकही नाणं माझ्याच्याने निघालं नाही. ज्या गणितांवर मोठमोठ्या यंत्रांच्या फौजा बसल्या होत्या, तिथे मी एकटा काय पुरणार? त्या वर्षाची माझी कमाई म्हणजे दही.

मग मला गोदामात टाकलं, सरकीच्या पोत्यांआड. उंदरांनी माझी वायर कुरतडली. किती काळ गेला, कोण जाणे. अंधारात पडलेल्याला काळ कळत नाही.

मला बाहेर काढलं ते सादियाने. सादिया ही नईमभाईंची भाची. राहायची धुळ्यातल्या देवपूरला आणि तिथल्याच कॉलेजात संशोधन करायची. तिने पोती बाजूला सारली आणि म्हणाली, "मामू, हा डबा मला द्या."

"घेऊन जा बेटा. पण नाणी निघत नाहीत त्यातून."

"मला नाणी नकोत. मला साक्षीदार हवाय."

मित्रांनो, हा शब्द ऐकला आणि माझ्या कुरतडलेल्या वायरीतून काहीतरी सळसळलं. साक्षीदार! आजवर मी नोकर होतो. साक्षीदार कोणी म्हटलं नव्हतं.

सादियाचं संशोधन होतं साखळीच्या नोंदींवर. ब्लॉकचेन म्हणतात त्याला. सोपं आहे. समजा, एक नोंद लिहिली. तिच्या शेवटी एक खूण पडते. पुढची नोंद त्या खुणेपासूनच सुरू होते, तिच्या पुढची तिच्या खुणेपासून. मधल्या एका नोंदीतलं अक्षर कोणी बदललं, तर पुढच्या सगळ्या खुणा चुकतात आणि चोरी उघडी पडते. आणि ही साखळी एका यंत्रात ठेवायची नाही. ती पाच घरांतल्या पाच यंत्रांत ठेवायची. नवी नोंद आली की पाचांपैकी तिघांनी तरी 'बरोबर' म्हटलं पाहिजे, तेव्हा ती पक्की. कोणी मालक नाही, कोणी साहेब नाही.

हे सगळं तिने पांझरा नदीकाठच्या एका गावात करून पाहायचं ठरवलं. त्या गावात बंधाऱ्याच्या पाण्यावर फड चालतो. फड म्हणजे एकाच पाटावर, एकाच कालव्यावर भिजणाऱ्या शेतांचा गट. फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाळीने द्यायचं. पाळी वरच्या शेतापासून सुरू होते आणि टोकाच्या शेतापाशी संपते. टोकाचं शेत भिजल्याशिवाय वरच्याला दुसऱ्यांदा पाणी नाही, असा फडाचा कायदा. पण कोणाचं भिजलं आणि कोणाचं राहिलं, हे पूर्वी पंचांच्या लक्षात असायचं, आणि लक्षात राहणं माणसागणिक वेगळं असतं. सादिया म्हणाली, पाळीची नोंद साखळीत ठेवू. पाणी पुढे सोडणाऱ्या वरच्या शेतकऱ्याने आणि पाणी घेणाऱ्याने आपापल्या मोबाईलवर अंगठा टेकवायचा, की झाली नोंद.

गावाने माना डोलावल्या. यंत्र घरी जागं ठेवणाऱ्याला सादियाने एक बक्षीसही ठेवलं होतं, 'थेंब' नावाचं. त्यावर, फडातलं सगळ्यात वरचं शेत ज्यांचं, त्या रुपचंद नानांचा पुतण्या प्रेमराज पुढे सरसावला. हा मोबाईलवर रात्रंदिवस नाण्यांचे भाव बघणारा गडी.

"ताई, थेंबना भाव काय शे आज?"

"भाव नाही प्रेमराजभाऊ. थेंब देऊन पाण्याची चारी साफ करायची आपली पाळी दुसऱ्याला देता येते. बस्स."

"वाढणार नाही?"

"नाही."

"मग कसलं ते नाणं!" असं म्हणून त्याने परत आपल्या मोबाईलमध्ये तोंड घातलं. सगळे हसले.

मी आलो कमलबाईच्या घरी. कमलबाईचा नवरा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात, सणासुदीला येणारा. शेत आणि दोन पोरी ती एकटीच सांभाळायची. तिचं शेत फडाच्या अगदी टोकाला. तिने मला फळीवर बसवलं आणि धूळ नको म्हणून धाकट्या पोरीचा लहान झालेला फ्रॉक माझ्यावर पांघरला. त्यावर बदकं होती. गोदामातल्या सरकीनंतर बदकं! मी तिथेच ठरवलं, आता इथून हलायचं नाही.

पण गावाने एक गंमत केली. उन्हाळ्यात वीज फार जायची. यंत्रं बंद पडायची. नानांच्या ओसरीवर मात्र मोठा इन्व्हर्टर. नाना मनाने मोठे, ते म्हणाले, "आणून ठेवा रे बठ्ठी माझ्याकडे, एकूण एक. वीज काय नि ऊन काय, मी बघतो." लोकांना ते पटलं. लग्नाची भांडी एका घरी ठेवावीत, सणाचा चौरंग एका घरी, तशी यंत्रंही मायेने एका घरी गेली. पाच घरांत का ठेवली होती, हे मायेपुढे सगळे विसरले. सादिया तेव्हा प्रबंध लिहीत देवपूरला अडकलेली, तिला पत्ता नाही.

मला न्यायलाही प्रेमराज आला. कमलबाई दारात उभी राहिली.

"मनं यंत्र आठेच ऱ्हाई," ती म्हणाली. म्हणजे माझं यंत्र इथेच राहील.

"अहो वहिनी, वीज नसते तुमच्याकडे. लंगडं यंत्र काय कामाचं?"

"लंगडं तर लंगडं. त्या ओसरीवर जाणार नाही."

कारण होतं. नाना म्हणजे कमलबाईच्या नवऱ्याचे चुलते, एकच भावकी. मागच्या श्रावणात कानबाई देवीच्या सणाला रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, धान्य मोजताना, त्या घराच्या रीतीप्रमाणे फक्त पुरुषांच्या नावाची मूठ घेत होते. कमलबाईने नवऱ्याची मूठ टाकली आणि पाठोपाठ दोन्ही पोरींच्या नावाच्याही टाकल्या. नानांच्या बायकोने, तानुबाईंनी, त्या परत काढायला लावल्या. कमलबाई सगळ्यांदेखत उठली, पोरींना दोन्ही हातांना धरलं आणि चालती झाली. तेव्हापासून त्या ओसरीची पायरी तिने चढली नव्हती.

लोक म्हणाले, बाई अडेल आहे. मी म्हणालो, चला, माझ्यासारखी कोणीतरी भेटली! वीज गेली की मी बंद पडायचो. आली की घरघर करत उठायचो, बाकीच्या चौघांना विचारायचो, 'माझ्या मागे काय काय झालं रे?' आणि राहिलेल्या नोंदी उतरवून घ्यायचो. लंगडत का होईना, मी साखळीच्या सोबत होतो.

असा श्रावण आला. पावसाने ओढ दिली. यंदा फडात सगळ्यांचा भुईमूग. त्याला आऱ्या सुटल्या होत्या. आरी म्हणजे फुलातून निघून जमिनीत शिरणारी काडी. माती ओली असली की ती आत जाते आणि तिची शेंग होते. माती कडक असली तर आरी वरच वाळते, मग पाला कितीही हिरवा दिसो, खाली काही नाही. पाळी खाली खाली सरकत होती. टोकाच्या अलीकडचं सुपडूभाऊंचं शेत भिजलं, आणि कानबाईचा सण आला म्हणून पाट बंद झाला.

पुढचं मी ऐकून सांगतो. कानबाई घरात यायची म्हणजे घर आरशासारखं हवं. भिंती रंगवायच्या, भांडी घासायची, गोधड्या धुवायच्या, घरातली एक वस्तू धुळकट राहता कामा नये. तानुबाईंच्या नजरेला ओसरीवरची चार यंत्रं पडली. आत धुळीचे पुंजके! सुनांनी बटण बंद केलं, तेवढं भान होतं. मग चौघांची झाकणं काढली, अंगणात नेली आणि नळीने स्वच्छ धुतली. उन्हात वाळवली. हळदी-कुंकवाची बोटं लावली. संध्याकाळी परत जागेवर मांडून पट्टीचं बटण दाबलं. चौघांची वायर एकाच पट्टीत. एकदम चट्ट झालं, जळका वास आला आणि माझे चारही भाऊ एका क्षणात गेले.

कोणाला दोष देऊ? इतक्या प्रेमाने आम्हाला आजवर कोणी धुतलं नव्हतं.

सण उरकला. कानबाईला निरोप दिला. पाट उघडायची वेळ झाली तसा प्रेमराज म्हणाला, टोकाच्या शेतात ओल आहे, मी स्वतः पाहिली, म्हणजे पाळी संपली. आता नवी पाळी नानांच्या शेतापासून. कमलबाई धावत पाटावर गेली. ती ओल सुपडूभाऊंच्या बांधातून पाझरलेली, तिचं शेत कोरडं ठणठणीत. पण सुपडूभाऊ म्हणाले, "मी तर पाणी सोडलं नाही. पण सणाच्या गडबडीत कोणी सोडलं असेल, तर मला काय माहीत?" पाट उघडणारे कौतिकभाऊ हात जोडून म्हणाले, "मला विचारू नका. मी बोललो की मी कोणाच्यातरी बाजूचा होतो."

कमलबाईने सादियाला फोन लावला. सादिया मिळेल त्या एसटीने आली. नानांच्या ओसरीवर तिने ती चार धुतलेली यंत्रं पाहिली आणि खालीच बसली. मग एकदम उठून विचारलं, "पाचवं कुठे आहे?"

आणि सगळं गाव आमच्या अंगणात आलं. मित्रांनो, फ्रॉक बाजूला करून सादियाने माझ्यावर हात ठेवला, बटण दाबलं, आणि... काही नाही. त्याच सकाळी गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता.

"काही हरकत नाही," नाना म्हणाले. "उचल यंत्र कमल, चल ओसरीवर. इन्व्हर्टर भरलेला आहे."

"नाही नाना."

"अगं, तुझंच शेत वाळतंय!"

"वाळू द्या. पण हे हलणार नाही."

"वहिनी, अडून बसायची वेळ आहे का ही?" प्रेमराज चिडला.

"मी अडले म्हणूनच एक उरलंय, भाऊजी. तुमच्या ओसरीवर असतं तर तेही आंघोळ करून बसलं असतं."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. तानुबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडकुंडीला आल्या होत्या.

सादिया हळूच म्हणाली, "नाना, कमलअक्काचं बरोबर आहे. याच्या आतली तबकडी फार जुनी आहे. वाटेत हिसका बसला तर शेवटची प्रतही जाईल. हा हलवायचा नाही."

भर दुपार, अंगणात सावली नाही. नाना या फडाचे वडीलधारे. आजवर लोक त्यांच्या ओसरीवर यायचे, ते कोणाच्या अंगणात गेले नव्हते. त्यांनी एकदा कमलबाईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी फळीवर होतो, म्हणजे त्यांना मान वर करूनच पाहावं लागलं. मग ते म्हणाले, "प्रेमराज, इन्व्हर्टर काढ. हातगाडी आण."

आणि मित्रांनो, ओसरी चालत माझ्याकडे आली! हातगाडीवर बॅटरी, चार जण ढकलताहेत, आणि बाजूने तानुबाई तिला हात लावून चालताहेत. नाना कमलबाईच्या उंबऱ्याशी बसले. वायर जोडली. मी उठलो. अशी घरघर केली, अशी घरघर केली, की शेळी दावं तोडायला लागली.

साखळी उलगडली. शेवटची पक्की नोंद सुपडूभाऊंच्या शेताची. टोकाच्या शेताची नोंद नाही.

"थांबा," प्रेमराज म्हणाला. "ताई, तुम्हीच सांगितलं होतं. पाचातले तीन म्हणाले तर खरं. हे एकटंच बोलतंय. आणि तेही वहिनींच्या घरचं. आम्ही का मानावं?"

खरं सांगतो, मला राग आला, पण प्रश्न चांगला होता.

"नवी नोंद पक्की करायला तीन लागतात," सादिया म्हणाली. "या जुन्या नोंदी पाचांनी मिळून आधीच पक्क्या केल्यात. आणि प्रत्येकीवर दोन अंगठे आहेत, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. ती खूण तुमच्याच मोबाईलमधून निघते. हा डबा ती बनवू शकत नाही, मीही बनवू शकत नाही. काढा मोबाईल. ताडून बघा."

सगळ्यांनी मोबाईल काढले. एकेकाची खूण जुळत गेली. प्रेमराजने आपली दोनदा ताडली. जुळली. सुपडूभाऊंनी पाणी घेतल्याची खूण जुळली. त्यांनी पुढे पाणी दिल्याची खूण कुठेच नव्हती, त्यांच्या मोबाईलमध्येही नाही.

"भाऊजी," कमलबाई म्हणाली, "तुमच्या त्या नाण्यांबद्दल चावडीवर काय सांगत असता? कोणाच्या बापाला बदलता येत नाही, असंच ना? मग माझ्याच वेळी कसं बदलतं ते?"

प्रेमराजने मोबाईल खिशात घातला. "नाही बदलत," तो म्हणाला. मग स्वतःशीच म्हणाला, "ओल पाझराची होती तर."

नाना उठले. "कौतिक, टोकाकडे सोड पाणी. आत्ता."

पाणी शेतात शिरताना मी पाहिलं नाही. मी फळीवर. पण सांजेला कमलबाई आली ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. मोबाईलवर अंगठा टेकवला तर चिखलामुळे तो घेईना. तिने पदराला बोट पुसलं, पुन्हा टेकवलं; पाणी दिल्याचा सुपडूभाऊंचा अंगठा आधीच आला होता, आणि ती नोंद माझ्यापाशी आली. टोकाचं शेत, भिजलं.

आणि इथे मी अडकलो. मी 'बरोबर' म्हटलं. पण पक्कं व्हायला तीन लागतात, आणि मी एकटा. हट्ट करून मी जुनं सगळं राखलं, पण नवं एक अक्षर माझ्याच्याने पक्कं होईना. तेव्हा मला कळलं, एका ओसरीवर चार जण काय आणि एका फळीवर एकटा काय, दोन्ही अर्धवटच.

सादियाच्या कॉलेजात कोणी सुचवलं, हे सगळं आता आमच्या मोठ्या यंत्रावर ठेवा, आणि हा जुना डबा काचेच्या कपाटात मांडू, मुलं बघतील. सादिया म्हणाली, "तिकडे ठेवलं तर ती ओसरीच झाली, फक्त मोठी." तिने दुसरी जुनी यंत्रं गोळा केली, माझ्यातली साखळी त्यांच्यात उतरवली आणि एकेक घर फिरली. एक सुपडूभाऊंकडे बसवलं. नाना म्हणाले, "मला नाही ठेवायचं? धुणार नाही आम्ही." सादिया हसली. "ठेवा ना नाना. पण एकच."

तानुबाई पुढच्या सणाचं आवतण द्यायला आमच्या दारी आल्या. कमलबाईने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "काकू, येईन मी. तिघींच्या नावाच्या मुठी घेऊन येईन. पण यंत्र येणार नाही." तानुबाईंनी बशी फुंकत मान हलवली. हो म्हणाल्या की नाही, ते मला फळीवरून दिसलं नाही.

सुपडूभाऊंचं यंत्र जागं झालं. त्याने नोंद तपासली, 'बरोबर' म्हटलं. दोन झाले. आम्ही वाट पाहत राहिलो. मग नानांच्या ओसरीवरचं यंत्र उठलं. त्याच ओसरीवरचं. त्याने साखळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि म्हटलं, 'बरोबर.' कमलबाईची पाळी पक्की झाली.

मित्रांनो, एवढंच मागतो. आमची धूळ पुसा, पण कोरड्या फडक्याने. आम्हाला म्हातारे म्हणून कपाटात मांडू नका. आणि कोणी कितीही मायेने म्हणालं, 'तुमचं सगळं आमच्याकडे ठेवा, आम्ही सांभाळतो,' तर त्यांच्या पाया पडा, चहा घ्या, आणि आपली एक प्रत आपल्या घरी ठेवा. मी माझ्या फळीवर आहे. वीज गेली तर बंद पडेन. आली की पुन्हा उठेन.